युरोपचा कार्बन कर आणि खान्देशातले लोखंडी मालाचे कारखाने: फाइल कशी भरायची, भुर्दंड कुणाचा?

तापीकाठ

राम राम मंडळी. मी जळगाव-धुळे पट्ट्यातल्या लहान कारखान्यांची निर्यातीची कागदपत्रं बघतो. अवधान, नरडाणा आणि जळगाव एमआयडीसीतून एकच फाइल पुन्हा पुन्हा माझ्याकडे येते आहे. युरोपातल्या खरेदीदाराने पाठवलेली लांबलचक एक्सेल, आणि खाली एक ओळ: 'लवकर भरून पाठवा, नाहीतर पुढची ऑर्डर थांबवावी लागेल.' सगळ्यांचा गोंधळ सारखाच आहे, म्हणून इथे एकदाच सविस्तर लिहितो.

युरोपीय संघाच्या या कार्बन कराला सगळे सीबॅम (कार्बन बॉर्डर अ‍ॅडजस्टमेंट मेकॅनिझम) म्हणतात. कायदा २०२३ चा. १ ऑक्टोबर २०२३ ते ३१ डिसेंबर २०२५ या काळात नुसती माहिती द्यायची होती, पैसे नव्हते. १ जानेवारी २०२६ पासून युरोपात उतरणाऱ्या मालावर पैसे लागू झाले. सध्या यात सहा गोष्टी आहेत: लोखंड-पोलाद, अ‍ॅल्युमिनियम, सिमेंट, खतं, हायड्रोजन आणि वीज. माल बनवताना जितके टन कार्बन डायऑक्साइड हवेत गेला, तितकी प्रमाणपत्रं तिथल्या आयातदाराने विकत घ्यायची. त्यांची किंमत युरोपातल्या कारखान्यांना कार्बनच्या बाजारात जो भाव पडतो त्याला जोडलेली आहे. प्रमाणपत्रांची विक्री फेब्रुवारी २०२७ मध्ये सुरू होणार आणि २०२६ मधल्या मालाचा पहिला हिशेब ३० सप्टेंबर २०२७ पर्यंत द्यायचा. म्हणजे आज न्हावा शेव्याहून निघालेल्या कंटेनरचं बिल तिकडे पुढच्या वर्षी फाटेल. ते किती असेल याची धास्ती खरेदीदाराला आत्ताच आहे, आणि ही फाइल त्यासाठीच आहे.

आता मुद्द्याचं. मला आलेल्या बहुतेक फायलींमध्ये लोकांनी महावितरणच्या बिलातले युनिट, जनरेटरचं डिझेल, कामगारांची बस असं सगळं मन लावून भरलेलं असतं. विकत घेतलेल्या कच्च्या मालाचा तक्ता मात्र कोरा. खरी रक्कम त्या कोऱ्या तक्त्यात आहे. आपण नट-बोल्ट, फ्लँज (पाइप जोडायच्या चकत्या), ब्रॅकेट बनवतो, म्हणजे दुसऱ्याने वितळवलेलं पोलाद कापतो, तापवतो, ठोकतो. कार्बनचा मोठा हिस्सा ते पोलाद आपल्या गेटमधून आत येतानाच त्याच्या अंगावर घेऊन आलेला असतो. तेव्हा आपला पहिला प्रश्न स्टीलच्या व्यापाऱ्याला जायला हवा. कन्सल्टंटचं पुढे बघू.

आणि कुणीही फाइल भरायला घेण्याआधी आपल्या मालाचा कस्टम्सचा कोड (एचएस कोड) तपासा. लोखंड-पोलादात ७२ वा अध्याय बराचसा आहे, आणि ७३ व्या अध्यायातले ७३०१ ते ७३११, ७३१८ आणि ७३२६ आहेत. म्हणजे पाइप, फिटिंग, फ्लँज, स्ट्रक्चर, टाक्या, नट-बोल्ट आणि 'लोखंडाच्या इतर वस्तू'. स्प्रिंगा ७३२० मध्ये जातात, त्या यादीत नाहीत. ७३२५ मधलं ओतकाम नाही. पंप आणि व्हॉल्व्ह ८४ व्या अध्यायात जातात, तेही आज नाहीत. धुळ्यातले एक जण व्हॉल्व्हच्या बॉडीसाठी रात्री जागून फाइल भरत होते. त्यांना ती भरायची गरजच नव्हती.

चटईवाला

दादा, आमच्या जळगावात निम्मी एमआयडीसी प्लॅस्टिकची. चटई, पीव्हीसी पाइप, ठिबकच्या नळ्या. आम्हाला लागू आहे का ते स्पष्ट सांगा, इथे रोज नवीन अफवा येते.

तापीकाठ

भाऊ, प्लॅस्टिक आज यादीत नाही. चटई नाही, पीव्हीसी पाइप नाही, ठिबकची नळीही नाही. पॉलिमर पुढे घ्यायचे का यावर कायदा झाल्यापासून चर्चा आहे, पण आज कुणी तुमच्याकडून चटईवर सीबॅमचे पैसे मागत असेल तर देऊ नका. एक मात्र बघा: पाइपासोबत लोखंडी क्लॅम्प किंवा ब्रॅकेट वेगळी ओळ करून पाठवत असाल तर ती ओळ ७३२६ मध्ये जाऊ शकते. इनव्हॉइस काढणाऱ्याला विचारून घ्या.

चटईवाला

क्लॅम्प जातात, वेगळ्या ओळीवरच. बघतो.

अमळनेरी

भाऊ, एक सांगा. हाऊ कर आपले भरना पडी का त्या गोरास्ले? कागदवर ते त्यासनं नाव शे, पन शेवटी आपलाच माथे येई ना?

वैशाली_जळगाव

अमळनेरी दादा, तुम्ही नेमकं विचारलंत. कागदावर भरणारा युरोपातला आयातदार, तिथल्या सरकारकडे नोंदणी केलेला. पण तो पुढच्या वाटाघाटीत दर कमी मागतो. मी दोन-तीन युनिटचे हिशेब बघते, त्यात हे आत्ताच दिसतंय. एका खरेदीदाराने सरळ कळवलं की 'आकडे आले नाहीत तर सरकारी मूल्यांक धरून होणारी रक्कम दरातून वजा करू.' सरकारी मूल्यांक म्हणजे खरे आकडे नसले की धरायचा, युरोपने ठरवून दिलेला आकडा. करारात अशी वजावट कुठेच नव्हती.

म्हणून दोन गोष्टी सांगते. पहिली, करारात सीबॅमचं वाक्य नसेल तर आता घाला: खर्च कुणाचा, कोणत्या आकड्यावर, आणि हिशेब झाल्यावर फरक परत कसा करायचा. खरेदीदाराने अंदाजाने आधी जास्त कापलं आणि खरं बिल कमी आलं, तर तो फरक तुमचा आहे. तो लेखी नसेल तर मिळणार नाही. दुसरी, डीडीपीवर माल पाठवणाऱ्यांनी जपून. 'दारापर्यंत सगळं आमचं' असा सौदा केला की आयातदार तुम्हीच होता. तुमचं युरोपात ऑफिस नाही, मग तिथला प्रतिनिधी नेमावा लागतो, आणि तो स्वतःची जोखीम तुमच्याकडून वसूल करतो. एफओबी (जहाजावर चढवेपर्यंतच आपलं) किंवा सीआयएफ (भाडं-विमा धरून त्यांच्या बंदरापर्यंत) ठेवा.

आणि तो अडीच टक्क्यांचा गैरसमज कृपा करून पसरवू नका. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतंय की २०२६ मध्ये फक्त २.५ टक्के कर आहे. ते पूर्ण खरं नाही.

धुळे_फास्टनर

ताई, मीही तेच ऐकलंय. ऑडिटरनेच सांगितलं. नाही कसं?

वैशाली_जळगाव

सांगते. युरोपातल्या पोलाद कारखान्यांना आजवर ठराविक मानकापर्यंत (टनामागे उत्सर्जनाचा ठरवून दिलेला आकडा) कार्बनचे परवाने फुकट मिळत आले. ती सवलत हळूहळू जाणार आहे: २०२६ मध्ये २.५ टक्के कमी, २०२७ मध्ये ५, २०२८ मध्ये १०, २०२९ मध्ये २२.५, २०३० मध्ये एकदम ४८.५ आणि २०३४ मध्ये पूर्ण बंद. त्यांना जितकं फुकट, तितकी सूट आपल्या मालालाही. पण ती सूट मानकावर मिळते, तुमच्या उत्सर्जनावर नाही. मानकाच्या वर जे असेल त्यावर पहिल्या दिवसापासून पूर्ण पैसे.

समजण्यापुरते आकडे धरू. पोलादाचं उत्सर्जन टनामागे २.४ टन, मानक १.४ आणि कार्बनचा भाव ७५ युरो. व्हॉट्सअ‍ॅपचा हिशेब म्हणतो २.४ गुणिले ७५ म्हणजे १८०, त्याचे अडीच टक्के म्हणजे साडेचार युरो. खरा हिशेब असा: १.४ चे ९७.५ टक्के म्हणजे १.३६५ ची सूट. २.४ मधून ती वजा केली की उरले १.०३५. त्याला ७५ ने गुणलं की साधारण ७७ युरो. एका टनामागे साडेचार आणि सत्त्याहत्तर! युरो शंभर रुपयांच्या आसपास धरला तर साडेसात हजारांच्या वर जातं. मानक वस्तूनुसार आणि उत्पादनाच्या मार्गानुसार बदलतं, त्यामुळे तुमचा आकडा वेगळा येईल. पण गणिताची रीत हीच.

धुळे_फास्टनर

बापरे. आमचं मार्जिन तेवढंच आहे.

नरडाणा_फोर्ज

आमचं छोटं फोर्जिंग युनिट आहे, कार्बन स्टीलचे फ्लँज करतो. वरचं वाचून आमचा अनुभव लिहितो, कारण कागदावरचं गणित आणि शॉपफ्लोअर यात एक मोठी गोष्ट राहते: उतारा, म्हणजे किती कच्च्या मालातून किती तयार माल निघतो.

आम्ही राउंड बार घेतो, बिलेट कापतो, फर्नेस ऑइलच्या भट्टीत तापवतो, हॅमरखाली ठोकतो. बाजूला फ्लॅश (जादा धातूची कड) निघते, ती ट्रिम करतो. मग मधलं भोक, मग लेथ, मग ड्रिलिंग. एक टन तयार फ्लँजसाठी तेराशे किलो बार लागतो असं धरा, मापानुसार कमी-जास्त. उरलेले तीनशे किलो भंगारात जातात. आता सीबॅमचा नियम असा की भंगारावर उत्सर्जन टाकता येत नाही. तेराशे किलो बारचा सगळा कार्बन त्या एक टन तयार मालावर बसतो. बारचा आकडा २.४ असेल तर फ्लँजचा ३.१२ झाला, आणि यात आमची भट्टी अजून धरलेलीच नाही. डाळमिलवाल्यांना हे लगेच कळेल: तूर क्विंटलची घेतली तरी पैसे डाळीतूनच काढायचे असतात, चुनीत ते निघत नाहीत.

भट्टीचंही सांगतो. एक किलो फर्नेस ऑइल जळलं की साधारण ३.१ किलो कार्बन डायऑक्साइड. टनामागे शंभर किलो तेल लागलं तर ०.३१ टन. बारच्या ३.१२ पुढे दहावा हिस्सा. तापीकाठ दादा म्हणतात ते अगदी खरं आहे, झगडा बारचाच आहे.

आणि बारवाला काही देत नाही. व्यापाऱ्याला विचारलं तर म्हणतो मिलला विचारा. मिल म्हणते तुमची खरेदी आमच्याकडून थेट नाही, डीलरला विचारा. मोठ्या मिलवाल्यांकडे आकडे आहेत, कारण ते स्वतः युरोपला विकतात. पण आमच्यासारख्या महिन्याला वीस-तीस टन उचलणाऱ्याला कोण उत्तर देणार? ही आमची खरी अडचण आहे आणि यावर कुणी बोलत नाही.

तापीकाठ

नरडाणा दादा, उताऱ्याचा मुद्दा सोन्यासारखा आहे. याचा एक चांगला अर्थही निघतो. डाय सुधारून, बार मापात कापून तेराशेचे बाराशे केलेत तर फ्लँजचा आकडा ३.१२ वरून २.८८ वर येतो. कुठलाही सरकारी कागद न हलवता हे होतं आणि पोलादाचे पैसे वाचतात ते वेगळेच.

भट्टीबद्दल एक भर: २०२५ च्या सुधारणेत पोलाद-अ‍ॅल्युमिनियमच्या काही वस्तूंसाठी शेवटच्या फिनिशिंगचं उत्सर्जन मोजणीतून काढलं आहे. आपल्या कोडला हे लागू आहे का, खरेदीदाराकडून लेखी घ्या. तेलाची नोंद मात्र ठेवा.

मिलकडून आकडा आलाच नाही तर युरोपने देशानुसार, कोडनुसार ठरवलेला मूल्यांक लागतो. त्यावर वाढही आहे: २०२६ मध्ये १० टक्के, २०२७ मध्ये २०, २०२८ पासून ३०. मूल्यांक ३ असेल तर ३.३, मग ३.६, मग ३.९. माहिती न देणाऱ्याला ते दरवर्षी जास्त महाग करत नेणार. तुमचं पोलाद भंगारापासून बनलेलं, स्वच्छ असलं तरी कागद नसेल तर तुम्ही याच रांगेत.

दीपनगर

मी वीजनिर्मितीत आहे, भुसावळजवळच. एक खात्री करून घ्यायची आहे. आपल्या ग्रिडच्या एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरतात, कारण बहुतेक वीज अजून कोळशाची. मग कारखान्यांच्या विजेचा हिशेब यात कसा येतो? एमआयडीसीतले बरेच जण 'सीबॅमसाठी सोलर लावा' असं ऐकून छतावर पॅनल टाकताहेत.

तापीकाठ

दीपनगर दादा, पोलाद आणि अ‍ॅल्युमिनियमसाठी सध्या विजेचं उत्सर्जन पैशाच्या हिशेबात धरत नाहीत. माहिती गोळा करायच्या काळात ते मागत होते, म्हणून लोकांचा गैरसमज झाला. सिमेंट आणि खतांत धरतात, पोलादात नाही. त्यामुळे बोल्ट कारखान्याच्या छतावर सोलर लावून सीबॅमचा एक युरोही कमी होत नाही. पुढे नियम बदलू शकतो, ती वेगळी गोष्ट.

नरडाणा_फोर्ज

आम्हाला एका कन्सल्टंटने हेच सांगून सोलर बसवायला लावलं. 'हा प्रोजेक्ट केला की युरोपचा कर शून्य.' वीजबिल कमी झालं हे खरं, पण कर शून्य म्हणून जी किंमत लावली ती आमच्या घामाची होती. आपल्याकडे साक्रीला शिवाजीनगरचा सोलर प्रकल्प आहे, ब्राह्मणवेलच्या डोंगरावर पवनचक्क्या आहेत, सूर्य आणि वारा दोन्ही भरपूर. लोकांना सोलरचं महत्त्व पटवायला खोटं बोलायची गरज काय?

वैशाली_जळगाव

सोलर जरूर लावा, फक्त वीजबिलाचा हिशेब करून लावा.

प्राध्यापक_शिरपूर

मेटलर्जी शिकवतो, म्हणून पोलादाच्या मार्गाबद्दल थोडं.

भारतात पोलाद मुख्यतः तीन वाटांनी बनतं. एक, मोठ्या कारखान्यातली ब्लास्ट फर्नेस: कोक जाळून खनिजातून लोखंड. टनामागे दोन टनांच्या वर उत्सर्जन. दुसरी, कोळशावर बनवलेला स्पंज आयर्न (खनिज न वितळवता काढलेलं लोखंड) विजेच्या भट्टीत वितळवायचा. कोळशाच्या स्पंजचं उत्सर्जन फार मोठं असतं, कधी ब्लास्ट फर्नेसपेक्षाही जास्त. तिसरी, नुसतं भंगार वितळवणं. यात थेट उत्सर्जन अगदी कमी, कारण बहुतेक ऊर्जा विजेची आणि वीज इथे मोजत नाहीत.

गंमत बघा, शेजारच्या जालन्यात ज्या इंडक्शन भट्ट्या आहेत, त्यांत भंगार आणि स्पंज मिसळून टाकतात. प्रमाण रोजच्या भावावर ठरतं. एकाच भट्टीतला सोमवारचा बिलेट हलका आणि शुक्रवारचा जड असू शकतो. म्हणून 'इंडक्शनचा माल आहे' एवढं पुरत नाही. भंगार किती, स्पंज किती, आणि तो स्पंज कोळशावरचा का, हे हवं.

आपल्या पोलाद मंत्रालयाने डिसेंबर २०२४ मध्ये हरित पोलादाची व्याख्या केली: तयार पोलादाच्या टनामागे २.२ टनांपेक्षा कमी उत्सर्जन असेल तर हरित, आणि त्यात तीन, चार, पाच तारे, १.६ च्या खाली पाच. ती पद्धत आणि युरोपची मोजणी एक नाही, पण ज्या मिलने हे प्रमाणपत्र घेतलंय तिच्याकडे मोजणीची व्यवस्था आहे एवढं नक्की कळतं. आकडे मागायला अशा मिलपासून सुरुवात करा.

नरडाणा_फोर्ज

सर, मान्य आहे, पण फ्लँजवाल्यांचं दुखणं वेगळं आहे. आमचा खरेदीदार ड्रॉइंगवर लिहूनच देतो की बार आर्क फर्नेसचा (विजेच्या आर्क भट्टीचा), लॅडल रिफाइन केलेला, व्हॅक्यूम डिगॅस केलेला हवा, म्हणजे वितळल्यावर शुद्ध करून आतले वायू काढलेला. साध्या इंडक्शनचा बार दिला तर अल्ट्रासॉनिक तपासणीतच बाहेर पडेल. कार्बन कमी म्हणून प्रेशरच्या लाइनवर कसलाही बार लावता येत नाही. तिथे माणसं काम करतात.

प्राध्यापक_शिरपूर

अगदी बरोबर, आणि ते लिहिलंत हे चांगलं केलंत. भंगारावर चालणाऱ्या आणि डिगॅसिंग असलेल्या आर्क फर्नेस मिल देशात आहेत, थोड्या महाग पडतात. पण टनामागे वाढीव भाव आणि सीबॅममध्ये होणारी बचत शेजारी मांडून बघा. तुमच्याच तेराशे किलोच्या उताऱ्याने: बारचा आकडा २.४ असेल तर ३.१२ आणि ०.४ असेल तर ०.५२. सूट पूर्ण संपल्यावर, ७५ युरोच्या भावाने, २३४ युरो आणि ३९ युरो. सूट चालू असेपर्यंत हा फरक बराच कमी राहील, कारण भंगारमार्गाला मानकही खालचं असतं. २०३० नंतर मात्र तो चांगलाच जाणवेल. मिलशी लांबचा करार करताना हे आत्ताच धरा.

साक्रीवाला

इतकं सगळं वाचलं आणि राग येतोय. दोनशे वर्षं कोळसा यांनी जाळला. आज भारतात माणशी उत्सर्जन वर्षाला साधारण दोन टन, त्यांचं आपल्या दुपटीहून जास्त. आणि बिल नरडाण्याच्या फोर्जवाल्याला? हा जमा होणारा पैसा आपल्याकडच्या भट्ट्या सुधारायला परत येणार आहे का? नाही. मग याला पर्यावरण कसं म्हणायचं?

प्राध्यापक_शिरपूर

साक्रीवाला, तुमचा राग योग्य आहे आणि भारत सरकारही जागतिक व्यासपीठांवर हेच म्हणत आलंय. १९९२ च्या हवामान करारातच लिहिलंय की जबाबदारी सगळ्यांची, पण सारखी नाही. हवामानाच्या नावाखाली व्यापारात आडकाठी आणू नये हेही त्याच करारात आहे.

त्यांची बाजू एवढीच की २००५ पासून त्यांचे कारखाने कार्बनसाठी पैसे मोजतात, आणि बाहेरचा माल तसाच आत आला तर कारखाने तिकडून उठून दुसऱ्या देशात जातील, उत्सर्जन तेवढंच राहील. त्यात तथ्य आहे. पण गोळा झालेला पैसा गरीब देशांच्या कारखान्यांना परत द्यायची तरतूद कायद्यात हवी होती. ती बंधनकारक स्वरूपात नाही, आणि माझ्या मते हाच या कायद्यातला सर्वांत मोठा अन्याय आहे.

वैशाली_जळगाव

यात एक वाट कायद्यातच आहे. माल जिथे बनला त्या देशात कार्बनची किंमत खरोखर भरली असेल तर तेवढी वजावट मिळते. आपल्याकडे २०२३ मध्ये कार्बन क्रेडिट ट्रेडिंग योजना अधिसूचित झाली, ती ऊर्जा दक्षता ब्यूरोकडे आहे. मोठ्या उद्योगांना उत्सर्जनाचं लक्ष्य देतात, जास्त झालं तर क्रेडिट विकत घ्यायचं. ते पैसे देशात राहतात. पण ती वजावट मिल दाखवणार, आपण नाही. तिने आकड्यांसोबत तो कागदही दिला तरच आपल्या फ्लँजला उपयोग. पुन्हा मिलच्याच दारात.

धुळे_फास्टनर

माझा प्रश्न: पन्नास टनांखाली माफी आहे ना? आम्ही वर्षाला युरोपला जेमतेम वीस टन बोल्ट पाठवतो. मग आम्ही सुटलो?

तापीकाठ

भाऊ, पन्नास टनांची मर्यादा आयातदाराची आहे, आपली नाही. त्याने वर्षभरात सगळ्या देशांतून, सगळ्या पुरवठादारांकडून आणलेलं पोलाद, अ‍ॅल्युमिनियम, सिमेंट, खत मिळून पन्नास टनांच्या आत असेल तरच तो सुटतो. तुमचा खरेदीदार बोल्टचा वितरक आहे, चीन, तैवान, भारत सगळीकडून कंटेनर आणतो. तुमचे वीस टन त्याच्या हजारांत मोजले जातात. त्याउलट एखाद्याचा खरेदीदार छोटं मशीन-शॉप असेल, वर्षाला तीस टन आणत असेल, तर त्याला काही लागत नाही. सरळ विचारा, 'तुम्ही पन्नास टनांच्या वर आहात का?' एका ईमेलचं काम आहे.

अवधान_जॉबवर्क

आमचा निर्यात परवाना नाही. माल मुंबईच्या मर्चंट एक्स्पोर्टरला देतो, तो पुढे पाठवतो. त्याने सही-शिक्क्यासाठी कोरी फाइल पाठवली आहे. म्हणतो 'आकडे आम्ही भरतो.' करू का सही?

वैशाली_जळगाव

नका करू. आकडे तुमच्या कारखान्याच्या नावाने जातात. प्रत्यक्ष आकडे वापरायचे तर मान्यताप्राप्त पडताळणीदार येऊन तपासणार, कागद चार वर्षं जपायचे असतात. त्यांनी काहीतरी भरलं आणि उद्या तपासणीत फरक निघाला तर विचारणा तुम्हाला होईल.

अवधान_जॉबवर्क

पण खरे आकडे दिले तर आमचा बार कुठून येतो, किती वाया जातो, सगळं त्याला कळेल. तो उद्या तसाच माल दुसऱ्याकडून करून घेईल.

तापीकाठ

ही भीती खरी आहे, आणि त्यासाठी सोय आहे. युरोपच्या सीबॅम नोंदणीत २०२५ च्या सुरुवातीपासून बाहेरच्या कारखान्यांना स्वतःचं खातं उघडता येतं. आकडे तिथे एकदाच टाकायचे आणि आयातदाराला वापरायची परवानगी द्यायची. मधल्या माणसाला तुमची फाइल उघडून दाखवायची गरज नाही. अवधान आणि जळगावच्या असोसिएशननी दहा-पंधरा युनिट एकत्र करून खाती उघडणं आणि पडताळणी एकत्र केली तर खर्च वाटून जाईल. एका युनिटला परदेशी पडताळणीदार परवडणार नाही हे उघड आहे. असोसिएशनमध्ये कुणी ओळखीचं असेल तर हा विषय पुढच्या बैठकीत घ्यायला लावा. मी यायला तयार आहे, फी नको.

अमळनेरी

आपला माल ते खान्देशमाईन मुंबईलोंग ट्रकवर जास. त्या डिझेलना हिशेब बी लागी का?

तापीकाठ

नाही दादा. ट्रक, जहाज, काही धरत नाहीत, फक्त उत्पादन. बंदरापासून लांब असल्याचा तोटा इथे तरी नाही.

धुळे_फास्टनर

इंग्लंडला पाठवणाऱ्यांचं?

वैशाली_जळगाव

त्यांचा वेगळा कायदा, १ जानेवारी २०२७ पासून. पोलाद, अ‍ॅल्युमिनियम, सिमेंट, खत, हायड्रोजन. मर्यादा वजनाची नाही, वर्षाला पन्नास हजार पौंडांच्या मालाची. युरोपसाठी जमवलेले मिलचे आकडे तिथेही कामाला येतील.

नरडाणा_फोर्ज

काल डीलरमार्फत मिलचं पत्र आलं. एका ओळीत: 'आमच्या पोलादाचं उत्सर्जन १.९ टन प्रति टन.' खाली शिक्का. हे चालेल?

तापीकाठ

एवढ्याने चालणार नाही, पण दार उघडलंय. त्यांना परत विचारा: १.९ मध्ये वीज धरली आहे का? धरली असेल तर ती काढून थेट उत्सर्जन वेगळं द्या, कदाचित तुमचा आकडा कमीच होईल. कोणत्या वर्षाचा आकडा? कोणत्या प्लांटचा? एकाच कंपनीचे दोन प्लांट असतील आणि एक ब्लास्ट फर्नेस, एक आर्क, तर सरासरी देऊ नका म्हणावं. पडताळणी झाली आहे का? आणि तुमच्याकडच्या टेस्ट सर्टिफिकेटवरचे हीट नंबर (भट्टीतल्या एका वितळीचा क्रमांक) त्या प्लांटशी जुळतात का ते स्वतः बघा. बारच्या टोकाला रंग आणि पंच केलेला नंबर असतो. तो बिलेट कापताना नाहीसा होऊ देऊ नका, कटिंगच्या रजिस्टरमध्ये उतरवून घ्या. कोणत्या हीटचे किती किलो कोणत्या ऑर्डरला गेले, हे त्या रजिस्टरमधून निघालं की निम्मी फाइल तिथेच भरली.

पुढच्या पीओपासून (खरेदीच्या ऑर्डरपासून) हे वाक्य टाका, मी दोन-तीन युनिटना टाकायला लावलंय: 'प्रत्येक हीट नंबरसोबत टेस्ट सर्टिफिकेट, पोलाद वितळवलेल्या प्लांटचं नाव व ठिकाण, उत्पादनमार्ग, प्रति टन थेट उत्सर्जन व त्या आकड्याचं वर्ष कळवावं, ही माहिती मिळाल्यावरच अंतिम पाच टक्के रक्कम दिली जाईल.'

नरडाणा_फोर्ज

पाच टक्के रोखलेले बघून डीलर ओरडेल.

वैशाली_जळगाव

ओरडू द्या. तो मग मिलकडे जाईल. तुमचा फोन ते घेत नाहीत, त्याचा घेतील.

धुळे_फास्टनर

आमच्या वायर रॉडच्या पीओवरही हेच टाकू का?

तापीकाठ

हेच टाका. कॉइलला जो पत्र्याचा टॅग असतो त्यावर हीट नंबर असतो, तो ड्रॉइंग मशिनवर चढवताना फेकून देतात. तो जपा.